तोरसकर पलीकडे असेल

मध्ये

"ताई, दोन्ही सहच हायत की वो," कचेरीतले माणगावे म्हणाले. "मग मुख्य कुठाय?"

ऑक्टोबर संपत आला होता. कचेरीच्या उघड्या खिडकीतून धुकं आत यायचं आणि माणगाव्यांच्या चष्म्यावर बसायचं. ते चष्मा पुसायचे, कागद वाचायचे, परत चष्मा पुसायचे. मी समोर उभी होते. रात्रभर एसटीत बसून आल्यामुळे पायांखालची फरशी अजून वळणं घेत होती.

"म्हणजे काय झालं?" मी विचारलं.

"म्हणजे असं बघा. ह्यो आपला पीएचडीचा अभ्यासक्रम दोन विभागांच्या मधला. एक मास्तर विज्ञानाचा, एक इंजिनिअरिंगचा. त्यातला एक मुख्य मार्गदर्शक, दुसरा सह. सावदेकरबाईंनी लिहून पाठवलंय, मी आनंदानं सह-मार्गदर्शक होईन. कुलथेसरांनी लिहून पाठवलंय, मी आनंदानं सह-मार्गदर्शक होईन. दोघं आनंदात हायत. मुख्य कुणीच न्हाई."

"मग माझा अर्ज?"

"त्याला आई न्हाई. दोन मावश्या हायत."

"माय मरो, मावशी जगो म्हणतात," मी म्हणाले. कुठून सुचलं कुणास ठाऊक.

माणगावे हसले. "मावशी लाख चांगली, पर दाखल्यावर आईचंच नाव लागतंय. मुलाखत जेवणानंतर. तवर कुणाही एकाकडनं 'सह' खोडून 'मुख्य' करून आणा, बाजूला सही. दोघंबी हितंच हायत. काय जड न्हाई."

आणि न मिळाली सही तर, असं मी विचारलं नाही. मला ठाऊक होतं. पुढच्या वर्षी मी वयाच्या अटीबाहेर जाणार होते. बार्शीच्या तंत्रनिकेतनात यंत्र अभियांत्रिकी शिकवत होते, ती आयुष्यभर शिकवत राहिले असते. त्यात वाईट काही नव्हतं. पण माझ्या पिशवीत ओल्या फडक्यात गुंडाळलेला एक डबा होता आणि त्यात तेरड्याच्या पिकलेल्या शेंगा होत्या. डबा कानाशी धरला की आतून बारीक टक् असा आवाज यायचा. एखादी शेंग आपल्या आपण फुटायची.

तेरड्याची शेंग बोट लागताच फुटते, हे आपण सगळ्यांनी लहानपणी केलेलं असतं. हिरवी मऊ भिंत एकदम गुंडाळी होते आणि बिया उडतात. एवढं बळ त्या पाणीदार भिंतीत साठतं कसं, आणि तसं काही आपल्याला घडवता येईल का, एवढंच मला शोधायचं होतं. निम्मा प्रश्न झाडांचा, निम्मा यंत्रांचा. वर्षभर मी सावदेकरबाईंना आणि कुलथेसरांना पत्रं लिहीत होते. दोघांचीही सुरेख उत्तरं यायची. दादा म्हणायचा, "लोकांच्या पोरी गौरीला तेरडा आणायला नदीवर जातात. आमची कोल्हापूरच्या पुढे चाललीय."

"तळ्याच्या कडेनं जावा," माणगावे म्हणाले. "बांबूच्या बनातनं वाट हाय."


पलीकडे

संस्था एका जुन्या तळ्याभोवती बांधलेली होती. बांधावर कचेरी, एका काठाला वनस्पतीशास्त्र, दुसऱ्या काठाला यंत्र विभाग. दोन काठांच्या मध्ये बांबूचं बन. बनात धुकं इतकं दाट होतं की बांबू वरून लोंबल्यासारखे दिसत होते, जमिनीतून आल्यासारखे नव्हे. माझ्या पुढे कुणीतरी चाललं होतं. खांद्याला झोळी असावी. वळणावर दिसायचं, मग नाही. मी पावलं उचलली तरी अंतर तेवढंच राहिलं. नंतर बन संपलं आणि समोर काचेचं घर आलं, आत हिरवा उजेड, आणि माणूस नाहीच.

हौसाबाई म्हणून प्रयोगशाळेतल्या बाई होत्या. त्यांनी मला आत नेलं.

"बाई रोपांना पाणी घालत्यात. बसा हितं. तोरसकरांच्या टेबलावर बसा."

"त्यांना लागणार नाही?"

"न्हाई. आज हिकडं न्हाईत ते. पलीकडं असतील."

टेबल खिडकीशी होतं. स्वच्छ पुसलेलं. एक भिंग, पेन्सिली घातलेला मातीचा पेला, खुर्चीच्या पाठीला कापडी पिशवी. मी अंग चोरून बसले. दुसऱ्याच्या जागेवर माणूस बसतो तसं.

सावदेकरबाई आल्या त्या हात पुसत. उंच, पांढऱ्या केसांच्या, आवाज इतका हळू की पुढे झुकावं लागे.

"तुम्ही वैजयंती. पत्रांवरून मला वाटलं होतं तुम्ही बुटक्या असाल."

"आहेच मी बुटकी."

"छे, छान आहात. शेंगा आणल्यात? बघू." त्यांनी डबा उघडला नाही, नुसता कानाशी धरला आणि डोळे मिटले. बराच वेळ. टक्. "हं," त्या म्हणाल्या. "बोलतायत."

मी कागद पुढे केला. 'सह' या शब्दावर बोट ठेवलं. सगळं सांगितलं.

"अहो, पण हा विषय कुलथ्यांचाच," बाई म्हणाल्या. "भिंत ताणली जाते, वाकते, सुटते. ही स्प्रिंगच. झाडाला ठाऊक नसतं आपण झाड आहोत. मी काय, आहेच की सोबत. हवं ते विचारा, हवी ती शेंग देते. पण मुख्य तेच. त्यांना सांगा, बाई म्हणाल्या, तुमच्यासारखा माणूस नाही."

"मॅडम, ते नाही म्हणाले तर?"

"ते कशाला नाही म्हणतील?"

"नाही, पण म्हणालेच तर... तोरसकरांचं कसं केलंत? ते पण दोन्हीकडे आहेत ना?"

बाईंनी डबा टेबलावर ठेवला. अगदी सावकाश, जणू त्यात पाणी काठोकाठ होतं.

"कुलथ्यांना भेटा," त्या म्हणाल्या आणि काचघरात परत गेल्या. झारीतून पाणी पडल्याचा आवाज आला. मग तोही थांबला.


पलीकडे

हे दुसरं पलीकडे. त्या संस्थेत असंच होतं. वनस्पतीवाले यंत्र विभागाला पलीकडे म्हणायचे, यंत्रवाले वनस्पतीला. अलीकडे असं कुणी कशालाच म्हणत नसे.

कार्यशाळेच्या दारात तातोबा नावाचे गृहस्थ पत्र्याला कानस मारत बसले होते. मी कुलथेसरांचं नाव घेतलं.

"वर्गावर हायत. येतील आता. बसा की, उभ्या का? ते कोपऱ्यातलं टेबल बघा, तोरसकरचं. तिथं बसा."

मी वळून बघितलं. खिडकीशी टेबल. पुसलेलं. एक मोजपट्टी, दोन छोटे पान्हे, खुर्चीच्या पाठीला निळा शर्ट.

"तोरसकर कधी येतात?"

"येतो की. पलीकडं असंल."

"मी आत्ता पलीकडूनच आले. तिथं नव्हते."

"मग वाटंत असंल," तातोबा म्हणाले आणि कानस पुन्हा चालू झाली.

मला एकदम हलकं वाटलं. कारण वाटेत मी त्याला बघितलंच होतं, त्या झोळीवाल्याला. आणि हा माणूस सापडला तर माझं काम होणार होतं. तो दोन्हीकडचा होता. त्यालाही कुणीतरी मुख्य मिळाला असणार. कसा मिळवला ते तो मला सांगेल, कदाचित माझ्याबरोबर येऊन रदबदलीसुद्धा करेल. मी त्याच्या खुर्चीत टेकून बसले आणि मनातल्या मनात त्याच्याशी बोलू लागले. झोप डोळ्यांवर होतीच. तोरसकर, मी म्हणाले, तुम्हाला पहिल्या दिवशी असंच फिरवलं का हो?

"वैजयंती!"

कुलथेसर ठेंगणे, घाईतले, बाहीला खडू लागलेला. त्यांनी माझ्या हातातला कागद उभ्याउभ्या वाचला.

"हात्तिच्या. बाईंनी 'सह' लिहिलं? त्यांचं लक्ष नसेल. अहो, शेंग फुटते म्हणजे काय होतं? पेशी पाणी ओढतात, फुगतात, एकमेकींना रेटतात. यात माझं काय आहे? मी लोखंडातला माणूस. लोखंड पाणी पितं का?"

"मॅडम म्हणाल्या, ही स्प्रिंगच आहे."

"बाई मोठ्या मनाच्या आहेत." ते हसले. "त्यांना म्हणावं, स्प्रिंग कुणीही मोजेल. ती उगवते कशी ते तुम्हीच सांगू शकता. तुमच्यासारखं माणूस नाही म्हणावं."

"सर, त्यांनीही अगदी हेच वाक्य दिलंय तुमच्यासाठी."

"बघा! आमचं चांगलंच आहे हो. दिवाळीला फराळ येतो त्यांच्याकडून. दरवर्षी."

"मग तुम्ही दोघं फक्त एकदा बोललात तर..."

"बोलतो की. वेळ मिळाला की बोलतोच."

"सर, मी तोरसकरांना भेटू का? त्यांनी कसं केलं ते विचारते."

कुलथेसरांनी बाहीवरचा खडू झटकायला सुरुवात केली. तो खडू झटकून संपण्यासारखा होता, पण ते झटकतच राहिले.

"तातोबा," त्यांनी शेवटी हाक मारली, "ह्यांना चहा द्या," आणि आत गेले.


मध्ये

मग मी तोरसकरला शोधत फिरले. हा भाग मला नीट लावून सांगता येत नाही. धुकं उतरलं होतं पण ऊन अजून आलं नव्हतं, आणि त्या मधल्या उजेडात मी त्या वाटेनं कितीदा गेले-आले ते आठवत नाही. एकदा तळ्यात एक बगळा उभा होता. एकदा नव्हता. एकदा बनात मला वाटलं की मी बार्शीलाच आहे आणि हे सगळं मला कुणीतरी सांगतंय.

झोळीवाला भेटला. तो माळी होता. झोळीत बांबूची पालवी होती.

"तोरसकर? लई दिवसांत न्हाई बघितला. पलीकडं विचारा."

उपाहारगृहात विचारलं. गल्ल्यावरचा माणूस म्हणाला, "ह्याच वाटेनं जाताना दिसायचा की. हातात डबी घेऊन."

"दिसायचा म्हणजे? आज?"

"आज न्हाई वो."

"मग काल?"

त्यानं न विचारता मला एक वडा दिला.

मी कचेरीत परत गेले. माणगावे डबा खात होते. ज्वारीची भाकरी, भरलं वांगं. त्यांनी अर्धी भाकरी पुढे केली. "काय झालं? मिळाली सही?"

"नाही. माणगावेसाहेब, तोरसकर कुठं राहतात?"

त्यांचा घास हातात राहिला.

"कोण तोरसकर? अरविंद तोरसकर?"

"त्यांचं टेबल आहे दोन्हीकडे."

"हाय. टेबल हाय." त्यांनी घास खाली ठेवला. "ताई, तो जाऊन सात-आठ वर्सं झाली."

"कुठं जाऊन?"

"ते कुणाला म्हाईत? आपल्या ह्या खात्याचा पयलाच विद्यार्थी. तवा मुख्य-सह काय नव्हतं, दोघं मार्गदर्शक सारखेच. एक दिवस तो दिसंना. इकडचे म्हणाले, पलीकडं असंल. तिकडचे म्हणाले, पलीकडं असंल. असं म्हणत म्हणत एक अख्खं सत्र गेलं. वसतिगृहात खोलीला कुलूप. त्या कुलपावर कुंभारमाशीनं मातीचं घर केलं, तेव्हा पहारेकऱ्याला शंका आली. उघडलं तर आत काय न्हाई. गादी गुंडाळलेली."

"आणि घरी कुणी कळवलं?"

"आता बघा," माणगावे म्हणाले, "बाईंना वाटलं सरांनी कळवलं असंल. सरांना वाटलं बाईंनी. मला वाटलं दोघांनी. त्याच्यामुळंच तर हा मुख्यचा नियम केला. कुणीतरी एक जण पायजे, ज्याला झोप लागणार न्हाई. पर तेव्हापासनं दोघांनी कुणाला घेतलंच न्हाई. तुमच्या पत्रांना उत्तरं दिली, आम्हाला वाटलं, चला, विसरले."

अर्धी भाकरी माझ्या हातात होती. मी ती खाल्ली. भूक लागली होती.

"आणि टेबलं?"

"ती रोज पुसत्यात," माणगावे म्हणाले. "कुणी सांगितलं न्हाई पुसू नका म्हणून."


मुलाखत

खोलीला तळ्याच्या बाजूनं खिडक्या होत्या. मध्ये अध्यक्ष, रसायनशास्त्राचे डॉ. निंबर्गी. त्यांच्या एका हाताला सावदेकरबाई, दुसऱ्या हाताला कुलथेसर. दोघांनी एकमेकांना नमस्कार केला होता, अगदी अदबीनं. आता ऊन आलं होतं आणि पाण्यावरून परतून छतावर हलत होतं.

"काय आणलंय?" निंबर्गी म्हणाले.

मी डबा उघडला. एकही शेंग शाबूत नव्हती. सकाळपासून मी त्या वाटेवर जी धावपळ केली होती, तिच्यात सगळ्या फुटून गेल्या होत्या. तळाशी हिरव्या गुंडाळ्या आणि काळ्या बिया.

"झालं सगळं वाटेतच," मी म्हणाले. निंबर्गी हसले. बाकी कुणी हसलं नाही.

मी फळ्यावर आकृती काढली. शेंगेच्या भिंतीचा बाहेरचा थर पाणी ओढून लांबायला बघतो, आतला थर त्याला धरून ठेवतो. सांधे टिकतात तोवर शेंग गप्प असते. निंबर्ग्यांनी विचारलं, बोट लावल्यावर बोटाचं बळ किती खर्ची पडतं? मी म्हणाले, जवळजवळ नाहीच, बळ आधीच तिथं असतं. त्यांनी मान डोलावली. आणखी काही विचारलं, तेही मला आलं. मला बोलताना कुठं तरी आत बरं वाटत होतं, पाण्यात पडून आभाळाकडे बघताना वाटतं तसं.

"छान," निंबर्गी म्हणाले. त्यांनी कागद पुढे ओढला. "आता एक राहिलं. मुख्य मार्गदर्शक कोण?"

बाईंनी सरांकडे पाहिलं. सरांनी बाईंकडे. दोघंही हसले, दारात "आधी तुम्ही, आधी तुम्ही" करताना माणसं हसतात तसं.

"कुणीच नाही," मी म्हणाले.

"म्हणजे?"

"मी सकाळपासून दोन्हीकडे जाऊन आले. दोघंही म्हणतात, दुसऱ्यासारखा माणूस नाही."

"मग मला हा अर्ज बाजूला ठेवावा लागेल. वाईट वाटतं, पण नियम आहे." निंबर्ग्यांनी चष्मा काढला. "तुम्हाला काही विचारायचं असलं तर विचारा."

मुलाखतीच्या शेवटी असं म्हणण्याची रीत असते. उमेदवारानं आभार मानून उठायचं असतं. मी उठलेही होते. पिशवी खांद्याला लावली होती. बार्शीची गाडी मला डोळ्यांसमोर दिसत होती, तिची मागची सीट, खिडकीची खडखडणारी काच.

"हो," मी म्हणाले. "तोरसकर कुठे आहेत?"


(हे फार नंतरचं आहे. पण त्याची जागा इथंच आहे.

तो मला वेंगुर्ल्याला भेटला, बंदराजवळ. होड्यांची इंजिनं दुरुस्त करायचा. टक्कल पडलेलं, हात कोपरापर्यंत काळे, हसरा. मी नाव सांगितलं तर म्हणाला, "तेरडा? अरे वा. मी कीटकांचे पाय मोजायचो. नाकतोड्याचे." त्यानं मला कोकम सरबत दिलं.

"रागानं गेलात का हो?" मी विचारलं.

"छे. राग कुणावर? दोघंही चांगली माणसं. मी बाईंकडे असलो की वाटायचं सर तिकडे वाट बघतायत. सरांकडे असलो की वाटायचं बाई. एक दिवस मध्येच बसलो, बांबूत. म्हटलं, आज बघू या कोण हाक मारतं. दुपार झाली. कुणी मारली नाही. मग तसाच स्टँडवर गेलो."

"पण नंतर? पत्र टाकायचं होतं एखादं."

"वाटलं होतं. पण मग म्हटलं, इतके दिवस झाले, दोघांपैकी एकानंही विचारलं नाही, म्हणजे दोघांनी मिळून ठरवलं असणार. बसून, चर्चा करून. ह्याला जाऊ दे म्हणून." त्यानं हात पुसले. "मोठी माणसं. काही विचार करूनच ठरवलं असेल.")


मुलाखत, पुढे

छतावरचं ऊन हलत होतं.

"हा प्रश्न," निंबर्गी म्हणाले, "ह्या मुलाखतीत..."

"अनंतराव," सावदेकरबाई कुलथेसरांना म्हणाल्या. इतक्या हळू, की आम्ही तिघंही पुढे झुकलो. "तुम्ही गेला होतात ना त्याच्या घरी?"

कुलथेसरांचा हात बाहीकडे गेला. बाहीला आता खडू नव्हता.

"तुम्ही गेला नव्हतात?" ते म्हणाले.

"मला वाटलं तुम्ही गेलात. तुम्ही त्या सुट्टीत कोकणात गेला होतात."

"मेव्हणीच्या लग्नाला गेलो होतो, बाई. मला वाटलं, तुम्ही पत्र लिहिलंत. तुम्ही सगळ्यांना लिहिता."

"लिहायला घेतलं होतं. मग म्हटलं, तुम्ही लिहिलं असेल तर त्याच्या आईला दोन-दोन पत्रं जातील. उगीच घाबरेल."

"घाबरेल," सर म्हणाले. "हो."

"आणि विचारलं नाही मी तुम्हाला."

"मी पण नाही."

"मी दरवर्षी फराळ पाठवते तेव्हा वाटतं, ह्या वेळी चिठ्ठी घालावी."

"मी डबा परत करताना बघतो," कुलथेसर म्हणाले, "चिठ्ठी आहे का."

निंबर्ग्यांनी चष्मा घातला, काढला. ते नुसतेच अध्यक्ष होते, बिचारे. बाहेर बगळा उडाल्याचा आवाज आला, मोठ्या चादरी झटकल्यासारखा. मी अजून पिशवी घेऊन उभीच होते आणि मला वाटलं, आता आपण हळूच दार लोटून निघून जावं. माझं इथलं काम संपलं.

"बसा तुम्ही," कुलथेसर मला म्हणाले. मग निंबर्ग्यांना, "माझं लिहा. मुख्य."

"विचार करा, कुलथे."

"विचार केला म्हणून तर हे झालं. लिहा."

"मग मी सह," बाई म्हणाल्या. "पण अट माझी. ह्या मुलीनं संध्याकाळी निघताना सांगून निघायचं. मला आणि ह्यांना. रोज. दोघांच्या दारात येऊन."

"बाई, असा काही नियम..." निंबर्गी म्हणाले.

"नसेल. मग अट म्हणून लिहा."

कुलथेसरांनी 'सह' खोडलं. खोडताना कागद जरा फाटला.


मध्ये

माणगाव्यांनी फाटक्या जागी डिंकानं चिठोरी लावली आणि म्हणाले, "झालं बघा बारसं." गाडीला अजून वेळ होता. दार ओलांडताना मला अट आठवली. रुजू व्हायला अजून दोन महिने होते, त्या अटीनं मी आजच बांधली जायचं कारण नव्हतं. तरी मी काचघराकडे गेले. हौसाबाई म्हणाल्या, "बाई न्हाईत. पलीकडं गेल्यात." मी यंत्र विभागात गेले. तातोबा म्हणाले, "सर? पलीकडं गेले."

बनात आता तिरपं ऊन होतं. बांबू सोनेरी झाले होते आणि त्यांच्यातून वाळकी पानं एकेक करून, कसलीच घाई नसल्यासारखी, खाली येत होती. वाटेच्या मध्यावर ते दोघं उभे होते. सर बाईंकडे निघाले होते, बाई सरांकडे. दोघांना वाटलं होतं, मी आधी दुसऱ्याकडे जाईन. आता दोघंही तिथंच थबकून कोकणातल्या कुठल्याशा गावाला इथून गाडी कशी आहे, ते बोलत होते. सरांना गावाचं नाव आठवत होतं. बाईंना तोरसकरच्या आईचं.

मी जवळ गेले तसे ते माझ्याकडे वळले. दोघांचे चेहरे थकलेले होते, दूरवरून चालत आल्यासारखे.

"येते मी," मी म्हणाले.

"आत्ता?" कुलथेसर म्हणाले. "बार्शीला पोचायला सकाळ होईल."

"हो, सकाळ होईल."

"पोचल्यावर कळवा," दोघं एकदमच म्हणाले.

"कुणाला कळवू?"

त्यांचे हात उठले. बाईंचा सरांकडे, सरांचा बाईंकडे. आणि अर्ध्यावर तसेच थांबले.